जुने मासे ठणठणीत, नवे दोन दिवसांत गार : फिशटँकमधल्या मृत्यूंचा तपास कसा करायचा

रविवारी कुर्ल्याहून बारा निऑन टेट्रा आणले. दुकानदाराने सांगितल्याप्रमाणे पिशवी वीस मिनिटं टँकमध्ये तरंगत ठेवली आणि मग मासे सोडले. सोमवारी सकाळी दोन तळाशी पडलेले, रात्रीपर्यंत आणखी चार. बुधवारी तीनच उरले. त्याच टँकमधले साडेतीन वर्षांचे माझे गुरामी मात्र काचेशी येऊन खायला मागत होते. दुकानात फोन केला तर उत्तर तयार होतं, "साहेब, पाणी खराब असतं तर जुने आधी नसते का मेले? टेम्परेचर लागलं असेल." मलाही पटलं. पुढच्या महिन्यात परत बारा आणले, परत तेच झालं.

तिसऱ्या खेपेला पैसे माशांवर न घालवता पाणी तपासायच्या टेस्ट किटवर घातले, तेव्हा उलगडा झाला. दुकानदाराचा तर्क वरवर बिनतोड वाटतो, पण उलटा आहे. जुने मासे त्या पाण्यात महिनोन्‌महिने हळूहळू मुरलेले असतात. पाणी रोज केसभर बिघडतं आणि त्यांचं शरीर रोज केसभर जुळवून घेतं. नवा मासा मात्र दुकानातल्या पाण्यातून थेट त्यात पडतो. त्यामुळे जुन्यांच्या तब्येतीवरून पाण्याची परीक्षा करू नका.

आधी घड्याळ बघा

मासा मेला की लोक आधी औषध शोधतात. आधी हे आठवा, की टँकमध्ये सोडल्यापासून किती वेळाने मेला? निम्मं निदान तिथेच होतं.

पहिल्या पाच-सहा तासांत मेला असेल तर रोगाचा संबंध जवळपास नसतोच. क्लोरीन, तापमानातला मोठा फरक, कीटकनाशकाचा किंवा साबणाचा अंश, नाहीतर ऑक्सिजनची कमतरता. असे मासे सैरावैरा धावतात, काचेवर आपटतात किंवा पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करतात.

बारा तास ते तीन दिवस या काळात, अंगावर काहीही खूण नसताना, रंग उडून, पंख अंगाशी मिटून, तळाशी कलंडून मेला असेल, तर दुकानाच्या आणि तुमच्या पाण्यातला फरक किंवा माशांच्या घाणीतून तयार होणारा अमोनिया. "काही कारणच नाही हो" असं ज्याबद्दल म्हणतात ते बहुतेक मृत्यू या खणातले.

चौथ्या दिवसापासून दोन आठवड्यांपर्यंत रोगाचा हंगाम. पांढरे ठिपके, तोंडाशी कापसासारखा थर, अंगावर सोनेरी पूड. टँकच नवा असेल तर मात्र याच काळात अमोनियाही शिखरावर असतो, म्हणून आधी किट काढा, मग औषधाची बाटली.

तीन आठवड्यांनंतर पोट खपाटीला जाऊन एकेक मासा मरत असेल तर पोटातले कृमी. शेपटीकडच्या छिद्रातून लाल दोऱ्यासारखं लोंबताना दिसलं तर शंकाच नको. या टप्प्यावर जुनेही मरायला लागतात.

आणि रोज रात्री एक, तोही शेपटी कुरतडलेला? मग पाण्याला दोष देऊ नका, तुमच्या टँकमधला दादा शोधा.

माझ्या टँकमध्ये काय निघालं

दुकानातल्या पाण्याचा पीएच (आम्लतेचं माप, जितका कमी तितकं पाणी आम्लधर्मी) ७.४, टीडीएस (लिटरमागे विरघळलेले क्षार, मिलिग्रॅममध्ये) १४०. माझ्या टँकचा पीएच ५.८, टीडीएस ४८०, आणि नायट्रेटचा रंग किटच्या तक्त्यावरच्या शेवटच्या गडद लालपर्यंत गेलेला. घरचं नळाचं पाणी मात्र दुकानासारखंच. मग टँकमध्ये हे आलं कुठून?

मी पाणी बदलतच नव्हतो. आटलेलं तेवढं भरायचो आणि पाणी काचेसारखं नितळ दिसतं म्हणून खूश असायचो. पण आटते ती वाफ. क्षार खालीच राहतात, आणि भरलेल्या प्रत्येक बादलीसोबत नवे क्षार येतात. माशांच्या विष्ठेतला अमोनिया फिल्टरमधले जिवाणू आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. या कामात आम्ल तयार होतं आणि पाण्यातली आम्ल झेलण्याची ताकद खर्ची पडते. ती संपली की पीएच घसरत जातो. परदेशातले हौशी लोक याला 'ओल्ड टँक सिंड्रोम' म्हणतात. निऑनला खरं तर थोडं आम्लधर्मी पाणी आवडतं, पण एका क्षणात पीएच, क्षार आणि नायट्रेट असे तिन्ही धक्के बसले तर तो टिकत नाही.

आता इथे एक सापळा आहे. हे कळल्यावर माणूस जोशात येतो आणि सत्तर-ऐंशी टक्के पाणी एकदम बदलतो. तसं करू नका. अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो, एक विषारी आणि एक बराच निरुपद्रवी, आणि कोणतं किती हे पीएचवर ठरतं. २५ अंश तापमानाला पीएच ७ असेल तर एकूण अमोनियाचा अर्धा टक्का किंवा किंचित जास्त भाग विषारी असतो. पीएच ८ ला तोच पाच टक्क्यांवर जातो. पीएच सहाच्या खाली गेलेल्या टँकमध्ये जिवाणूंचं काम मंदावतं, अमोनिया साचत राहतो, पण निरुपद्रवी रूपात, म्हणून जुने मासे जगतात. त्यावर नळाचं भरपूर पाणी ओतलं की पीएच चढतो, साचलेला अमोनिया विषारी होतो आणि तीन वर्षांचे मासेही एका संध्याकाळी जातात. "टँक साफ केला आणि सगळे मेले" ही तक्रार ऐकली असेल, ती बऱ्याचदा हीच.

म्हणून दर दोन दिवसांनी १० ते १५ टक्के पाणी, असं दोन-तीन आठवडे. सायफनच्या नळीने खडीतला गाळही थोडा थोडा काढा, एका दिवशी सगळा उपसू नका. फिल्टरचा स्पंज टँकमधून काढलेल्या पाण्यातच पिळा. नळाखाली धरला तर क्लोरीनने त्यातले जिवाणू मरतात, आणि त्याच रविवारी नवे मासे आणले तर त्यांची घाण पचवायला कुणीच शिल्लक नसतं. टँकचा आणि नळाचा टीडीएस जवळपास सारखा झाला, नायट्रेट लिटरला ४० मिलिग्रॅमच्या खाली आलं, की मग नवे मासे. टीडीएस मीटर दोन-तीनशे रुपयांत मिळतो. आरओवाल्याकडे तर असतोच.

टँकच नवा असेल तर

गृहप्रवेशाला टँक भेट येतो. वास्तूसाठी नऊ गोल्डफिश, आठ सोनेरी आणि एक काळा, तेही पहिल्याच दिवशी आणि दोन फुटी टँकमध्ये. दहा दिवसांत एकेक जायला लागतो, आणि घरातलं कुणीतरी मोठं माणूस समजूत घालतं, "घरावरचं संकट त्याने अंगावर घेतलं." श्रद्धेवर मी बोलत नाही, पण संकट टँकमध्येच असतं आणि ते अमोनियाचं असतं.

नव्या फिल्टरमध्ये जिवाणू नसतात. त्यांची वस्ती जमायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. आधी अमोनिया चढतो, तो उतरू लागला की नायट्राइट चढतं, आणि तेही शून्यावर आलं की टँक तयार. यालाच टँक 'सायकल' होणं म्हणतात. हे माशांशिवाय करता येतं. टँक भरून फिल्टर चालू करा, रोज चिमूटभर माशांचं खाणं टाका, ते कुजून अमोनिया तयार होतो. आठवड्यातून दोनदा मोजा. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही सलग आठवडाभर शून्य दाखवत असतील तर मासे आणा. घाई असेल तर मित्राच्या निरोगी, जुन्या टँकमधला मळका स्पंज मागून घ्या आणि ओला ठेवूनच आणा. काम निम्म्या वेळात होतं. बाटलीतले जिवाणू कधी चालतात, कधी नाही. माझा भर मळक्या स्पंजावर.

सुरुवात तीन-चार लहान माशांनी. पुढची तुकडी दोन आठवड्यांनी. आणि गोल्डफिश भरपूर घाण करतो. काचेच्या गोल भांड्यात तो ठेवायचाच नसतो.

नळ, टाकी, टँकर

पिण्याच्या पाण्यात नळापर्यंत लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरावं असं भारतीय मानक सांगतं, आणि विषाणूंपासून संरक्षण हवं असेल तिथे ०.५. माणसाला ते आवश्यकच आहे, पण माशाच्या कल्ल्यांना त्याच्या कितीतरी कमी मात्राही जाळते. पावसाळ्यात गढूळपणा वाढतो तसा क्लोरीनचा डोसही वाढतो. गावाकडे ग्रामपंचायत विहिरीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकते त्या दिवशी, आणि शहरात सोसायटीची टाकी धुतली त्या आठवड्यात, पाणी बदलू नका. पिण्याच्या पाण्याची तपासणी करणारे जी 'ओटी' टेस्ट वापरतात तीच छोट्या बाटलीत मिळते. थेंब टाकल्यावर पाणी पिवळं झालं की क्लोरीन आहे.

उपाय स्वस्त आहे. सोडियम थायोसल्फेट, म्हणजे पूर्वी फोटो धुणारे वापरायचे तो 'हायपो'. १०० ग्रॅम खडे एक लिटर पाण्यात विरघळवा. नेहमीच्या नळाच्या पाण्याला २० लिटरच्या बादलीमागे यातला १ मिलिलिटर पुरतो. क्लोरीनचा वास येत असेल तर २ ते ३. दुकानातलं अँटिक्लोरीन बहुतेक वेळा हेच, फक्त पातळ केलेलं आणि निळं-पिवळं. बादली चोवीस तास उघडी ठेवूनही साधा क्लोरीन उडतो, एअर पंप सोडला तर लवकर.

क्लोरीनपलीकडे दोन गोष्टी. एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारी हाताला चटका देण्याइतकं तापतं, त्यामुळे उन्हाळ्यात पाणी सकाळीच बदला. आणि टँकरचं पाणी दर खेपेला वेगळं असतं, म्हणून मीटर बुडवल्याशिवाय ते वापरू नका. मुंबईचं तलावाचं पाणी मऊ, तर मराठवाड्यातल्या बोअरचा टीडीएस हजारावर जाणं नवलाचं नाही. माझ्या मामेभावाकडे संभाजीनगरला बोअरच्या पाण्यात मॉली जातीचे मासे मजेत पिल्लं देतात आणि निऑन टिकत नाहीत. माझ्याकडे नेमकं उलटं. पाण्याशी झगडण्यापेक्षा पाण्याला साजेसा मासा निवडणं सोपं पडतं.

पिशवीतून पाण्यात

दुकानातल्या अनेक माशांचा प्रवास चेन्नईच्या कोळत्तूर भागातल्या किंवा कोलकात्याच्या पैदासकारांकडून सुरू होतो. तिथलं पाणी, ठोक व्यापाऱ्याचं पाणी, दुकानाचं पाणी आणि मग तुमचं. एका आठवड्यात चार पाणी बघितलेला, दोन-तीन दिवस उपाशी मासा तुमच्या हातात येतो. म्हणून "माल कधी आला?" हे विचारा. आजच आलेला मासा आज घेऊ नका. पैसे देऊन आठवडाभर दुकानातच ठेवायला सांगा. चांगला दुकानदार ऐकतो.

दुकानातून घर दोन तासांच्या आत असेल तर असं करा:

१. टँकचा दिवा बंद. पिशवी न उघडता १५ ते २० मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवा. हे फक्त तापमानासाठी. पीएच आणि क्षारांचा फरक याने तसूभरही कमी होत नाही. माझी पहिली चूक हीच.

२. पिशवी उघडून मासे पाण्यासकट छोट्या बादलीत घ्या. पिशवीच्या पाण्याचा टीडीएस मोजा.

३. दर पाच-सात मिनिटांनी एक वाटी टँकचं पाणी घाला. तासाभरात बादलीतलं पाणी तिप्पट व्हायला हवं.

४. मासे जाळीने उचलून सोडा. पिशवीचं पाणी मोरीत ओता, टँकमध्ये एक थेंबही नको.

५. त्या दिवशी खाऊ घालू नका. दुसऱ्या दिवशी अगदी थोडं.

कुरिअरने आलेल्या, चोवीस तासांहून जास्त बंद असलेल्या पिशवीला हा नियम लावू नका. तिच्यात माशांच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड साचून पीएच खाली गेलेला असतो, त्यामुळे साठलेला अमोनिया निरुपद्रवी रूपात असतो. पिशवी उघडली की वायू उडतो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया कल्ले जाळायला लागतो. त्यात तासभर वाट्या ओतत बसलात तर मासा विषातच पोहत राहतो. अशा वेळी तापमान जुळवा, पिशवी उघडा आणि मासे जाळीतून लगेच स्वच्छ पाण्यात सोडा. पण ते पाणी आधीच विक्रेत्याच्या पाण्यासारखं करून ठेवलेलं हवं. पार्सल निघण्याआधी त्याला टीडीएस विचारा.

टीडीएसमध्ये दोन-अडीचशेहून जास्त फरक असेल तर तासाभराने भागत नाही, दिवस लागतात. जास्त क्षारांतून एकदम कमी क्षारांत जाणं माशाला विशेष जड जातं. खाऱ्या पाण्यात वाढवलेले गप्पी आणि मॉली मऊ पाण्यात चार दिवस शेपटी मिटून थरथरतात आणि जातात, ते यामुळेच.

वेगळा टब

सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात कमी लोक करतात ती गोष्ट म्हणजे क्वारंटाइन. पंचवीस-तीस लिटरचा प्लास्टिकचा टब, एअर पंप, स्पंज फिल्टर, लपायला पीव्हीसी पाइपचा तुकडा आणि वर जाळी, कारण नवा मासा हमखास उडी मारतो. खडी नको. स्पंज महिनाभर आधीपासून मुख्य टँकमध्ये चालवून ठेवा, नाहीतर टबातच अमोनियाने मासे मारायचे आणि खापर क्वारंटाइनवर फोडायचं, असं होतं.

टबातलं पाणी पहिल्या दिवशी दुकानासारखं ठेवा. रोज १० टक्के काढून तेवढं मुख्य टँकचं पाणी घाला. दोन-तीन आठवड्यांत मासा तुमच्या पाण्यात मुरतो, तेही न कळत. अमोनिया दिसला तर बदल वाढवा. एकूण मुक्काम चार आठवडे. घरचे म्हणतील, "बाथरूममध्ये टब किती दिवस?" मी वॉशिंग मशीनवर ठेवतो, मशीन लावायच्या दिवशी उचलून खाली ठेवावा लागतो, इलाज नाही.

पांढरे ठिपके इथेच दिसतील. हा सूक्ष्म परजीवी ठिपक्याच्या आत असताना आणि नंतर तळाशी कोषात असताना औषधाला दाद देत नाही. कोष फुटून पोहायला निघालेली पिल्लंच मरतात. म्हणून ठिपके गेले म्हणून थांबायचं नाही. लिटरला २ ते ३ ग्रॅम खडेमीठ दोन दिवसांत थोडं थोडं वाढवत न्या, तापमान २९-३० अंशांवर आणा, एअर पंप जोरात ठेवा, कारण तापलेल्या पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो. शेवटचा ठिपका गेल्यावर आणखी आठवडाभर चालू ठेवा. कोरिडोरास आणि लोच या तळाशी राहणाऱ्या माशांना मीठ सोसत नाही, त्यांच्यासाठी मीठ कमी ठेवा.

तोंडाशी पांढरा कापूस दिसला तर दुकानदार 'फंगस' म्हणून निळं औषध देईल. नुकत्याच आणलेल्या माशात, झपाट्याने पसरणारा, पाठीवर खोगिरासारखा फिकट पट्टा असलेला प्रकार बहुधा कॉलम्नॅरिस नावाच्या जिवाणूचा असतो. गरम पाण्यात तो आणखी चवताळतो, त्यामुळे पांढऱ्या ठिपक्यांचा गरम पाण्याचा उपाय इथे उलटा पडतो. तापमान २४ अंशांच्या आसपास ठेवा, पाणी रोज बदला, मासा वेगळा करा आणि प्राण्यांच्या डॉक्टरांना विचारा. माणसांच्या कॅप्सूल फोडून टाकायची आपल्याकडे पद्धत आहे; अंदाजपंचे डोसने रोग हटत नाही, फिल्टरचे जिवाणू मात्र मरू शकतात. मेथिलीन ब्लू हे निळं औषधही मुख्य टँकमध्ये कधीच नको, तेही त्या जिवाणूंचा घात करतं आणि काचेच्या सांध्यातलं सिलिकॉन कायमचं निळं करून ठेवतं.

उरलेले संशयित

डासांचा स्प्रे आणि पेस्ट कंट्रोल. यातली पायरेथ्रॉइड गटातली औषधं माशांना अत्यंत विषारी असतात, आणि एअर पंप खोलीतलीच हवा पाण्यात ढकलतो. फवारणीच्या दिवशी टँक ओल्या चादरीने झाका, पंप दुसऱ्या खोलीतून लांब नळीने चालवा.

गुलाबी, हिरवे, जांभळे टेट्रा आणि ग्लासफिश घेऊ नका. तो रंग बऱ्याचदा सुईने किंवा रसायनात बुडवून दिलेला असतो. अशा माशाला मुळात अर्धमेला करून विकलेलं असतं.

दादागिरीचा संशय असेल तर नवे मासे सोडण्याआधी दगड आणि झाडांची जागा बदला, म्हणजे जुन्यांच्या हद्दी पुसल्या जातात. त्यांना आधी पोटभर खायला घाला आणि नवे अंधारात सोडा. टायगर बार्बसारखे मासे सहा-आठच्या गटात आपापसांतच भांडतात, दोघे असले की दुसऱ्यांच्या शेपट्या कुरतडतात.

आत्ता या क्षणी मरत असतील तर

मेलेला मासा काढा. एअर पंप पूर्ण जोरात. खाणं बंद. अमोनिया, नायट्राइट, पीएच, नायट्रेट, टीडीएस, तापमान मोजून कागदावर लिहा. किट नसेल तर टँकचं आणि नळाचं पाणी वेगवेगळ्या बाटल्यांत घेऊन दुकानात मोजून आणा. पाण्याला सहा महिने हात लावला नसेल तर १० टक्केच बदला. नेहमी बदलत असाल आणि अमोनिया दिसत असेल तर ३० ते ४० टक्के, क्लोरीन मारून. नायट्राइट चढलेलं असेल तर लिटरला अर्धा ते एक ग्रॅम मीठ घाला. मिठातला क्लोराइड नायट्राइटला रक्तात शिरू देत नाही. काहीच सापडलं नाही तर औषध टाकू नका, दुसऱ्या दिवशी परत मोजा.

आणि वैतागून उरलेले मासे नदीत किंवा तलावात सोडायला जाऊ नका. उजनीच्या जलाशयात टँकमधल्या सकर माशांचा सुळसुळाट होऊन मच्छीमारांच्या जाळ्यात तेच येऊ लागले, ते असेच कुणीतरी सोडलेले. नको असलेला मासा दुकानदाराला परत द्या, बहुतेक जण फुकट घेतात.

माझ्या त्या टँकला पूर्वपदावर यायला दोन महिने लागले. शेवटचे निऑन दहा आणले, चार आठवडे टबात ठेवले. एक तिसऱ्या दिवशी गेला, नऊ मुख्य टँकमध्ये गेले. आता दर रविवारी दोन बादल्या काढतो, दोन भरतो, आणि काढलेलं पाणी मोगऱ्याला घालतो.